अख्ख्या पक्षाचा अनध्याय

विष्णुपंत आठल्ये थकले आहेत हे दुर्गाघाटावर सर्वांत आधी कळलं ते त्यांच्या पंचांगाला. स्वतः विष्णुपंतांना त्यानंतर कळलं, आणि तेही दुसऱ्याने सांगितल्यावर.

दिवसा ते इंग्रजी शाळेत गणित शिकवत. संध्याकाळी वकिलांच्या मुलांना त्यांच्या घरी जाऊन तेच गणित पुन्हा शिकवत. जेवण आटोपलं की वडिलांनी सुरू केलेल्या पंचांगाचं गणित घेऊन बसत. ब्रह्माघाटापासून अमृतराव घाटापर्यंतची मराठी घरं या पंचांगाला विचारल्याशिवाय हजामतसुद्धा करत नसत. उपास कधी करायचा, प्रवासाला कधी निघायचं आणि वेदपाठशाळा कधी बंद ठेवायची, सगळं विष्णुपंतांच्या हातात. पाठशाळेच्या या छुट्टीला अनध्याय म्हणतात. प्रतिपदा, अष्टमी, चतुर्दशी, पौर्णिमा, अमावास्या या तिथींना पोथी उघडायची नाही; उघडली तर विद्या वाढायची सोडून घटते, असं शास्त्र आहे. साऱ्या गावाचे अनध्याय विष्णुपंत स्वतःच्या हाताने लिहीत, आणि त्या दिवशीही पाटी घेऊन बसत. गणित म्हणजे काही वेद नव्हे, असं त्यांचं म्हणणं होतं. त्यांना विरोध करण्याइतकं गणित शेजारात कुणालाच येत नव्हतं.

तर त्या वर्षी पौष संपता संपता छापखान्याचे मालक ढुंढिराजपंत हातात एक छापील कागद घेऊन आले. बसले, पाणी प्यायले, आणि मग म्हणाले, "पंत, पुढल्या वैशाखात काय आहे?"

"उन्हाळा," विष्णुपंत म्हणाले.

"ते झालंच. पण वद्य पक्षात पहिल्या तिथीपासून शेवटच्या तिथीपर्यंत तुम्ही अनध्याय लिहिलाय. अख्खा पक्ष. पाठशाळेचे विद्यार्थी मला खांद्यावर घेऊन नाचतील, पण त्यांचे गुरुजी मला गंगेत बुडवतील, त्याचं काय?"

विष्णुपंतांनी कागद पाहिला. प्रत्येक ओळीत अनध्याय होता. त्यांनी मूळ लिखाण काढून पाहिलं, तर तिथेही होता, आणि अक्षर त्यांचंच होतं, नेहमीपेक्षा जरा जास्तच सुबक. हे आपण कधी लिहिलं ते त्यांना काही केल्या आठवेना. आकड्यांनी आजवर त्यांना कधी दगा दिला नव्हता. माणूस घाबरला.

"राग मानू नका," ढुंढिराजपंत उठताना म्हणाले. "तुमच्या वडिलांचा मी फार आदर करतो. पण आणखी एक चूक निघाली, तर पुढचं गणित मला मिर्झापूरच्या माणसाकडे द्यावं लागेल." दारापर्यंत जाऊन ते पुन्हा मागे वळले. "आणि या कागदाची एक प्रत सरकारात जमाही झालीय." ढुंढिराजपंत कायद्याला इतके भीत की सरकारने मागितलेलं छापील पुस्तक तर ते देतच, पण न मागितलेले कच्चे नमुनेही स्वतः नेऊन देऊन येत.

वेणीमाधव वैद्यांनी नाडी पाहिली. "नाडीत काही नाही. डोक्यात आहे. एक पक्षभर आकडा डोळ्यांनी बघायचा नाही."

"चूर्ण वगैरे?"

"चूर्ण दिलं तर तुम्ही त्याचं माप काढत बसाल. आराम करा."

आराम करणं किती कष्टाचं काम आहे, हे विष्णुपंतांना दुसऱ्याच दिवशी शाळेत समजलं. हेडक्लार्क बाबूंनी रजेचा अर्ज वाचला, चश्मा काढला, पुसला आणि पुन्हा वाचला.

"कारण के खाने में आपने लिखा है, आराम."

"हां."

"आराम कोई कारण नहीं है, मास्टरजी. बीमारी कारण है. शादी कारण है. मौत कारण है." बाबूंनी तिन्ही कारणं अशा प्रेमाने सांगितली की त्यांतलं एखादं विष्णुपंतांनी पसंत करावं. "बीमार हैं?"

"नहीं. होने वाला हूं. इसलिए आराम चाहिए."

"तो हो जाइए. फिर आइए."

बाबू मनाने वाईट नव्हते. थोडा विचार करून त्यांनीच वाट काढली. सरकार कुणाच्या धर्मात हात घालत नाही, तेव्हा तीर्थयात्रेला रजा मिळते. पण इथे दोघेही अडले. सारा हिंदुस्थान तीर्थयात्रेला काशीला येतो. काशीच्या माणसाने जायचं कुठे? शेवटी बाबूंनी स्वतःच्या हाताने लिहिलं: रामनगर, व्यासदर्शन. माघात लोक गंगा ओलांडून व्यासांच्या दर्शनाला जातातच. दर्शनाला एक सकाळ पुरते, पण अर्जात तसं लिहिण्याची गरज नव्हती.

रजा मिळाली, आणि विष्णुपंतांनी ठरवलं की रामनगर कशाला, घरीच पडून राहावं. पहिल्या दिवशी ते माजघरात चटई टाकून आडवे झाले. दुर्गाघाटावर दिवसाउजेडी आडवा झालेला माणूस एक तर आजारी असतो, नाहीतर वाया गेलेला असतो, नाहीतर शेवटच्या वाटेवर असतो. आपला माणूस यांपैकी कोणता, हे पाहायला शेजारी येऊ लागले.

यज्ञेश्वरशास्त्री समोरच्या घरात राहत. ते उठता-बसता, चालता-थांबता वेद पुटपुटत असत. बोलायचं असेल तेवढ्यापुरतं थांबत. त्यांनी येऊन सांगितलं की, नुसतं पडून राहणं हा तमोगुण आहे. पडायचंच तर संकल्प सोडून पडावं, म्हणजे त्याचं अनुष्ठान होतं. पाणी सोडलं की रोज पहाटे पंचगंगा घाटावर स्नान, मग सहस्रनाम, मग पडणं. दुपारी पुन्हा सहस्रनाम आणि शेवटी ब्राह्मणभोजन घालून उद्यापन. बकुळमावशी मागच्या गल्लीतून आल्या. त्यांच्या दिरांना अगदी असंच झालं होतं आणि टाळूवर बदामाचं तेल जिरवल्यावर ते बरे झाले होते. "मग आता कसे आहेत?" असं विष्णुपंतांनी विचारलं. "वारले," मावशी म्हणाल्या, "पण डोकं शेवटपर्यंत बिलकुल थंड होतं." आणखी एकाने डाव्या कुशीवर पडायला सांगितलं, दुसऱ्याने उजव्या. आणि आलेल्या प्रत्येकाला चहा नाहीतर निदान गूळ-पाणी हवं होतं. ते देत विष्णुपंतांच्या पत्नी शरदिनीबाई दिवसभर उंबऱ्यात उभ्याच होत्या.

दिवेलागणीपर्यंत विष्णुपंतांनी शाळेत बोलतात त्याच्यापेक्षा जास्त बोलून घेतलं होतं, आणि घसा बसला होता.

"अहो," शरदिनीबाई म्हणाल्या, "अर्जात लिहिलंय ना रामनगर? मग चला रामनगरलाच. इथे तुम्हांला आराम करू देणार नाहीत. आराम करताना बघायला येतील."

ही बातमी गल्लीत पसरायला वेळ लागला नाही, आणि आता मात्र शेजाऱ्यांना खरोखर काळजी वाटू लागली. काशीत मेलेल्याला मुक्ती मिळते हे सर्वांना ठाऊक आहे. पलीकडच्या तीरावर मेलेला मात्र पुढच्या जन्मी गाढव होतो, हेही तितकंच ठाऊक आहे. अशक्त माणसाने तिकडे जाऊन राहायचं म्हणजे केवढी जोखीम. यज्ञेश्वरशास्त्री पायऱ्यांपर्यंत मागे आले. "पंत, एका सकाळचं ठीक आहे. पण राहायचं म्हणजे... समजा काही बरंवाईट झालं. मेल्यावर गाढवाचा जन्म."

विष्णुपंत नावेत बसले होते. शांत स्वभावाचा माणूस, पण दोन दिवसांच्या आरामाने चिडला होता. "शास्त्रीबुवा, मेल्यावरचं मेल्यावर. दिवसा शाळा, संध्याकाळी शिकवण्या, त्यावर पंचांग. आत्ता मी कोण आहे असं तुम्हांला वाटतं?"

शास्त्रीबुवांनी यावर प्रामाणिकपणे विचार केला आणि पुन्हा वेद पुटपुटायला सुरुवात केली.

रामनगरात वैद्यांच्या ओळखीने बाजारामागे एक खोली मिळाली. सकाळी शरदिनीबाई कणीक, डाळ, वांगी, तूप आणि गोवऱ्यांची पाटी सोबत घेत आणि दोघं नदीकाठच्या वाळूत जात. शरदिनीबाई गोवऱ्या पेटवून कणकेच्या गोळ्यांच्या बाट्या भाजत, वांगं भाजून त्याचं भरीत करत, आणि विष्णुपंत आराम करत. बाईंनाही जरा हवापालट होईल, म्हणून सोबत आणलं होतं.

सुरुवातीला आराम जमेना. समोरून नाव गेली की ते मोजत. धोब्यांची गाढवं वाळूत मोकळी चरत, ती मोजत. मोजण्यासारखं काही उरलं नाही की त्यांचा जीव कासावीस होई, आणि आपण कुणाचा तरी अपराध करतो आहोत असं वाटे. शरदिनीबाईंनी त्यांच्या तोंडावर उपरणं टाकलं. "बघूच नका. बघितलं की मोजता."

मग एका दुपारी माघातलं कोवळं ऊन पाठीवर घेऊन ते कुशीवर झाले, आणि झोपले. उठले तेव्हा ऊन कलंडलं होतं, अंगावर शरदिनीबाईंची शाल होती, आणि किती वेळ गेला याचा त्यांना पत्ता नव्हता. पत्ता नाही, आणि त्याचं काही वाटतही नाही, हे लक्षात आल्यावर त्यांना हसू आलं. त्यानंतर ते रोज झोपले. भूक लागू लागली. बाटी तुपात बुडवताना तिचा वास येतो, ही गोष्ट त्यांना कित्येक वर्षांनी पुन्हा कळली, आणि त्यांनी ती शरदिनीबाईंना नवीन शोध लागल्यासारखी सांगितली. धोब्यांच्या एका म्हाताऱ्या गाढवाशी त्यांची ओळख झाली. ओझं उतरवलं की ते वाळूत लोळे, उठे आणि तोंड वर करून मोठ्याने ओरडे. मग कुणी कितीही हाका मारल्या तरी जागचं हलत नसे. विष्णुपंतांना त्याच्याविषयी आदर वाटू लागला.

रजा संपत आली होती. त्या दिवशी दुपारी ते नेहमीप्रमाणे उपरण्याखाली होते, आणि कुणीतरी म्हणालं, "आप ही विष्णु पंडित हैं?"

त्यांनी उपरणं बाजूला केलं. वर पोलिसांचे दारोगा उभे होते. त्यांच्या मागे ढुंढिराजपंत, चेहरा पांढराफटक. आणि त्यांच्या मागे यज्ञेश्वरशास्त्री, सवयीप्रमाणे वेद पुटपुटत.

झालं होतं ते असं. ढुंढिराजपंतांनी सरकारात दिलेला तो वैशाखाचा कागद खरंच कुणीतरी वाचला होता. वाचणाऱ्याला सगळा महिना नेहमीसारखा वाटला, एक शब्द सोडून. तो शब्द काय, याची चौकशी करायला दारोगासाहेब दुर्गाघाटावर आले, आणि गल्लीत त्यांना पहिले भेटले यज्ञेश्वरशास्त्री.

"मी फक्त अर्थ सांगितला हो," शास्त्रीबुवा घाईघाईने म्हणाले. "अनध्याय कधी होतो असं विचारलं, तर मी म्हटलं, देशाचा राजा वारला की होतो. विद्या विचारल्यावर लपवायची नसते."

दारोगांनी कागद पुढे केला. "आपने पूरे पखवारे लिखा है. एक दिन का होता तो कोई छोटा-मोटा राजा समझ लेते. इतना लंबा किसके लिए है? बैसाख में किसको मार रहे हैं आप?"

ढुंढिराजपंत वाळूत बसले. बादशहाच्या मरणाचं भाकीत म्हणजे राजद्रोह. छापखान्याला टाळं लागणार, पंचांग बंद होणार, आणि विष्णुपंतांचं काय होणार याचा तर विचारही नको. शरदिनीबाईंचा हात कणकेत होता, तो तिथेच थांबला.

पंधरवड्यापूर्वीचे विष्णुपंत असते, तर त्यांनी घाबरून काहीतरी कबूल केलं असतं, बहुधा राजद्रोहच. पण त्यांचं डोकं आता स्वच्छ होतं. थकलो होतो, हाताने मनातलं लिहिलं, हे खरं कारण. पण ज्या कारणासाठी शाळेच्या अर्जात खाना, म्हणजे रकाना, नव्हता त्याच्यासाठी ठाण्यावर तरी कुठून असणार, हे त्यांच्या लक्षात आलं. आणि लहानपणी वडिलांनी पाठ करून घेतलेली अनध्यायाच्या कारणांची सगळी यादी, कित्येक वर्षांत न आठवलेली, ओळीने डोळ्यांपुढे उभी राहिली.

"दारोगासाहब, शास्त्रीजी ने सही बताया, पर थोड़ा बताया. राजा के मरने पर अनध्याय होता है. और बिना मौसम बादल गरजे तो भी होता है. आंधी चले तो होता है. घर में बड़ा मेहमान आए तो होता है. सियार बोले तो होता है. और..."

इतक्यात लोळून उठलेल्या त्या म्हाताऱ्या गाढवाने तोंड वर केलं, आणि सारी वाळू घुमेल असा सूर लावला.

यज्ञेश्वरशास्त्र्यांचं पुटपुटणं कातरीने कापावं तसं थांबलं. ओठ घट्ट मिटले. गाढव ओरडत होतं तोवर ते तसेच उभे होते, आणि ते थांबल्यावरही उभेच राहिले.

"इन्हें क्या हुआ?" दारोगांनी विचारलं.

"अनध्याय," विष्णुपंत म्हणाले. "गधा बोले तो वेद बंद. पूछ लीजिए."

दारोगांनी शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी एकदा ढुंढिराजपंतांकडे पाहिलं, एकदा गाढवाकडे पाहिलं, आणि विचारल्यावर विद्या लपवायची नसल्यामुळे मोठ्या गंभीरपणे मान डोलावली. "शास्त्र है."

"मतलब बैसाख में..."

"आंधी तो रोज़ आती है, साहब. और गधे बारहों महीने हैं. बादशाह सलामत रहें," विष्णुपंत म्हणाले. आणि मग त्यांना राहवेना. "पर सच यह है कि मुझसे गलती हुई. बहुत थक गया था. स्कूल की अर्ज़ी में थकान का कोई खाना नहीं है. सुधार देता हूं."

दारोगांनी पेन्सिल काढली. मग चौकशीच्या कागदावर काहीतरी लिहिलं. ढुंढिराजपंतांनी मान उंच करून वाचलं. त्यात 'गधा' एवढाच शब्द होता. "थके तो हम भी हैं, पंडितजी," दारोगा म्हणाले. त्यांनी पेन्सिल खिशात टाकली, बूट काढले आणि गरम वाळूत पाय पुरून बसले. "हमारे यहां भी वह खाना नहीं है."

विष्णुपंतांनी तो वैशाखाचा कागद मागून घेतला. पक्षभर ज्या कागदाकडे बघायची त्यांना भीती वाटत होती, तो त्यांनी वरपासून खालपर्यंत एकदा शांतपणे वाचला. "ढुंढिराजपंत, अनध्याय सोडा. एकादशी बघितलीत का? एक दिवस पुढे पडलीय. कुणाच्याच लक्षात आलं नाही. साऱ्या मराठी काशीला मी द्वादशीला उपाशी ठेवणार होतो." पेन्सिल घेऊन त्यांनी तिथल्या तिथे तिथी सारखी केली, एकदाही न अडखळता. ढुंढिराजपंतांनी कागद घडी करून छातीशी धरला, आणि मिर्झापूरच्या माणसाचं नाव त्यानंतर पुन्हा काढलं नाही.

मग अर्थातच सगळे जेवायला थांबले. कणीक पुन्हा भिजली, गोवऱ्या पुन्हा पेटल्या. बाट्या तुपात बुडवून खाल्ल्यावर दारोगा आडवे झाले, ढुंढिराजपंत आडवे झाले, शास्त्रीबुवासुद्धा तमोगुणाची क्षमा मागून एका कुशीवर कलले. इथे फार आराम आहे, असं प्रत्येकाने एकदा म्हटलं. विष्णुपंतांचे डोळे मिटत आले होते.

"अहो, एक विचारू?" शरदिनीबाई थाळ्या वाळूने घासत होत्या. "गाढव ओरडलं की पोथी बंद. मग कणीक का नाही बंद?"

उत्तर यज्ञेश्वरशास्त्र्यांनी दिलं, डोळे मिटूनच. "पाकाला अनध्याय सांगितलेला नाही, वहिनी."

"कुणी सांगितलेला नाही?"

"शास्त्रकारांनी."

"त्यांना वाढायला कोण होतं?"

शास्त्रीबुवांनी डोळे उघडले. शरदिनीबाई भांडत नव्हत्या. त्यांना खरंच जाणून घ्यायचं होतं. विष्णुपंत उठून बसले. सकाळच्या गोवऱ्या, गूळ-पाणी मागणारी माणसं, अंगावरची शाल, सगळं त्यांच्या नजरेसमोरून गेलं. दहा-बारा दिवसांच्या विश्रांतीने त्यांचं डोकं इतकं साफ झालं होतं की आपण नावा मोजल्या, गाढवं मोजली, पण हे माणूस काही मोजलं नाही, हे त्यांना स्पष्ट दिसलं. त्यांना फार वाईट वाटलं. ते उठले आणि उरलेल्या थाळ्या घासायला घेतल्या. त्या नीट घासता आल्या नाहीत, पण शरदिनीबाईंनी त्या पुन्हा घासल्या नाहीत.

पाडव्याला नवं पंचांग आलं. वैशाख अगदी नेहमीसारखा होता. एकच बदल होता आणि तो बराच वेळ कुणाच्या ध्यानात आला नाही: दर महिन्याच्या वद्य अष्टमीला 'अनध्याय' या शब्दापुढे बारीक अक्षरांत 'चुलीसह' असं छापलेलं होतं. ते प्रथम बकुळमावशींनी वाचलं, चैत्रातल्या वद्य अष्टमीच्या सकाळी. पंचांगात आहे म्हटल्यावर त्यांनी स्वयंपाकघराला कडी घातली आणि बिंदुमाधवाच्या दर्शनाला निघून गेल्या. गल्लीतल्या बाकीच्या चुलीही एकेक करून थंड झाल्या. दुपारी यज्ञेश्वरशास्त्री भुकेल्या पोटी, याला आधार काय, हे विचारायला विष्णुपंतांच्या दारी आले. दाराला कुलूप होतं.

विष्णुपंत तेव्हा पलीकडच्या वाळूत गोवऱ्यांपुढे उकिडवे बसले होते. त्यांच्या बाट्या वरून कोळसा आणि आतून कणीक अशा झाल्या होत्या. शरदिनीबाईंनी त्यांतली एक कसलीही तक्रार न करता संपवली होती, आणि आता त्या तोंडावर पदर घेऊन गाढ झोपल्या होत्या. म्हातारं गाढव लोळून उठलं, अंग झाडलं आणि तोंड वर करू लागलं. विष्णुपंत लगबगीने गेले, सगळ्यात करपलेली बाटी त्याच्यापुढे धरली आणि अगदी हळू आवाजात म्हणाले, "आज तू राहू दे. अनध्याय आधीच लागलाय."